चौथी किल्ली

करार अजून चौदा महिने बाकी.
हेनिंग राटके, वय एकोणऐंशी, लाइपझिग, तिसरा मजला,
चष्मा कपाळावर सारून कलम अकरा पुन्हा वाचतो:
मुदतीआधी सोडायचं तर बदली भाडेकरू आणा,
नाहीतर भाडं भरत राहा
रिकाम्या भिंतींचं.

एल्स्बेथच्या विसरण्याला मात्र नोटीस नव्हती.

माणसं आली घर बघायला. कपाटं उघडली, नळ सोडले.
एका पोरीनं विचारलं, हीटर रात्री वाजतो का?
वाजतो, म्हणाला. तीनच्या सुमारास.
लपवणं जमलं असतं त्याला.
तीच येतेय राहायला, एक तारखेपासून.

भिंती पांढऱ्या केल्या, खिळ्यांची भोकं बुजवली.
चौकटीवरच्या मुलाच्या उंचीच्या रेघा
दोन हात देऊनही पुसट दिसत राहिल्या;
तिसरा हात त्याने दिला नाही.

मालकाचा माणूस मोजतो: किल्ल्या चार दिल्या होत्या, या तीन.
कुलूप बदलावं लागेल. अनामतीतून कापू.

कापा, म्हणतो हेनिंग.
चौथी कुठे आहे, त्याला ठाऊक आहे:
शुश्रूषागृहात, खिडकीपाशी,
तिच्या मुठीत.
दिवेलागणीला ती उठते, घरी जायला निघते,
किल्ली आहे ना, एवढं चाचपते
आणि पुन्हा बसते.