ठसा

आठवीच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन
मी रेशन दुकानाच्या बाकावर बसले आहे.
प्रश्न तिसरा. कारणे द्या. गुण तीन.
युरोपीयांना नव्या जलमार्गाची गरज भासू लागली.
चोवीस मुलांनी तेच लिहिलंय, मीच घोकून घेतलेलं:
इ.स. १४५३. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले.
खुष्कीचे मार्ग बंद झाले.
सबब.
(‘सबब’ माझा शब्द. मुलांना आवडतो.)

पुढे रांगेत आई.
मशीनवर अंगठा टेकवते. लाल दिवा.
“सत्यवतीबाय, हात पुसून घेवा,” रेडकर म्हणतो.
ती पदराला पुसते, फुंकर घालते, टेकवते.
लाल.
ठसा जुळत नाही.

काजूचं झाड इथलं नव्हे, हे मी दरवर्षी शिकवते.
गलबतांच्या पोटातून आलं ते, ब्राझिलाकडून,
उताराची माती धरून ठेवायला लावलं, असं म्हणतात.
धरली त्यानं माती.
आता तर त्याच्या कलमांना आमच्या गावाचं नाव आहे,
वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात,
दत्तक पोराला द्यावं तसं.
टरफलात तेल असतं, ते पुस्तकात नाही.
सव्वीस वर्षं आई फॅक्टरीत काजू फोडते
हातांना राख चोळून,
आणि तेल राखेखालून शिरतं.
कातडी जाते, नवी येते,
नव्या कातडीला रेषा फुटत नाहीत.

पंचविसावा पेपर सुयोग कुबलचा.
‘कारण त्यांका मटणाक मिरी होयी होती.’
एवढंच. पूर्णविरामसुद्धा नाही.
मी लाल पेन उचलते,
तसंच धरून बसते.
मिरी शोधत आले नि मिरची ठेवून गेले.
बांगड्याच्या तिखल्यातली मिरची काढून घेतली
तर आई म्हणेल, ह्यो कोणाच्या घरचो?

आईच्या माहेरी, निवतीला, एक गोष्ट सांगतात,
खरी की रचलेली ते विचारायचं नाही.
कुणी एक मूळपुरुष, तारवात तांदूळ, सुपारी, थोडं सुंभ.
फिरंग्यांनी आडवं येऊन परवाना मागितला.
परवाना होता. रोख पैसे मोजून घेतलेला.
पण कागदावरचं तारू दोन डोलकाठ्यांचं,
आणि ह्याची एक मागच्याच वादळात मोडलेली.
जुळत नाही, म्हणाला तो, दुभाष्याकरवी.
त्या दिवसापर्यंत समुद्राला दार नव्हतं,
आता त्याची चावी दुसऱ्याच्या कमरेला.
चावी हा शब्दही त्यांचाच,
ते एक बरोबर झालं.
तारू जळताना म्हणे किनाऱ्यापर्यंत
भाताचा वास आला.
उपाशी पोरं धावत बाहेर आली.

तर्जनी. लाल. मधलं बोट. लाल.
मागची बाई घमेलं खाली ठेवते, उसासते.
“माझी बोटां झिजली,” आई रेडकरला सांगते,
“म्हणान मी मेलंय काय?”
तो हसत नाही, तोही कंटाळलाय,
त्याच्या हातात तरी काय आहे,
रेंज कधी येते कधी जाते.
उजवा हात संपतो.
डावा अंगठा. लाल.

डाव्या हाताची करंगळी,
जी काजू धरत नाही, सोलत नाही,
सव्वीस वर्षं नुसती बाजूला उभी राहिलेली,
ती टेकवल्यावर
मशीन कुठल्याशा शहरी बाईच्या आवाजात
आईचं नाव घेतं.

तांदूळ पिशवीत पडतो.
मी सुयोगला तीनपैकी दोन देते,
मग खोडून तीन.
परिणाम लिहा, हा प्रश्न चौथा,
तो घरी गेल्यावर तपासेन.

वाटेत डच वखारीच्या भिंतीशी आई दम खायला थांबते,
पिशवी दगडावर टेकते.
काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना
तिनं करंगळीला चिंधी गुंडाळली,
दोन वेढे,
आणि दातांनी गाठ मारली.