पिशवी

किल्ले धारूरच्या पेठेत माझं किराणा दुकान,
पिठाच्या गिरणीला लागून.
प्लास्टिकबंदी आली तेव्हा पाटी लावली होती :
घरून पिशवी आणा, एक रुपया सूट मिळवा.
पाटी अजून आहे.
‘सूट’चा ऊकार उन्हानं गेला,
शाळेतून येणारी पोरं ‘सट’ वाचतात आणि हसतात.

कॉलेजच्या कुलथे बाई खादीची पिशवी घेऊन येतात.
डाळ पॉलिशची आहे का, तेल घाण्याचं आहे का,
सगळं विचारून घेतात.
एकदा म्हणाल्या, ही साखर कुणी तोडलेली?
मी पोत्याकडे बघितलं.
कारखान्याचं नाव, हंगाम, वजन, दाण्याचा नंबर.
खाली वीतभर जागा होती,
कोरी.

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
दसऱ्याच्या आसपास मुकादम माझ्याच बाकड्यावर बसतो.
उचल माझ्याच काउंटरवर मोजली जाते
आणि माझी उधारी त्यातून आधी कापली जाते.
नवरा-बायको मिळून एक कोयता.
उचल एक, सही एक,
आणि तीही त्याची.
ज्वारी, तिखट, काड्यापेट्या मी बांधून देतो,
ट्रकमध्ये त्यावर लेकरं बसतात.
हिशोबाला मी पक्का आहे.
आजवर कुणाचा एक पैसा चुकवला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कालिंदा आली.
पटकन ओळखलं नाही मी.
गालावर पाचटाचे बारीक चरे, पावलं जपून.
माझ्या धाकटीच्या वर्गात होती ती,
दरवर्षी दिवाळीपर्यंत.

‘अर्धा किलो साखर द्या अण्णा,
आन एक गाठी. लहानी.’
मी तोलत होतो, ती पोत्यावरचं नाव
अक्षराला अक्षर लावून वाचत होती.
‘ही तं आमचीच हाय की.’
आणि पोत्यावर हात फिरवला,
दुसऱ्याच्या दावणीला बांधलेल्या
आपल्या वासरावरून फिरवावा तसा.
मग भाव विचारला.

सवयीनं मी म्हणालो, ‘पिशवी आणली का?’

‘पिशवी काढली, अण्णा.’

तराजू हालत होता.
‘मागल्या साली. पाळीत खाडा पडायचा,
खाड्याला दंड.
मुकादम म्हन्ला काढून टाक, कटकट मिटंल.
दवाखान्याचं बिल त्यानंच भरलं.
उचलीत लिव्हलं.’

हे तिनं ज्या आवाजात सांगितलं
त्या आवाजात बायका गिरणीवर
दळणाचा नंबर विचारतात.

कुलथे बाई मागं उभ्या होत्या.
खांद्यावरची पिशवी त्यांनी पाठीमागं सरकवली.
त्या दिवशी त्यांची साखर काउंटरवरच राहिली.
आता गूळ नेतात.
गुळालाही ऊसच लागतो, हे मी बोललो नाही.
गिऱ्हाईक तुटतं.

आणि मी?
मी कागदात पुडी बांधली.
गाठी दिली, पांढरीशुभ्र, दोऱ्यात ओवलेली.
पैसे घेताना, कसं झालं कळलं नाही,
एक रुपया कमी घेतला.
ती रुपयाकडे बघत राहिली. ‘ह्यो कशाचा?’
मला पाटीकडे बोट दाखवता आलं नाही.

जाताना तिनं रिकामं पोतं मागितलं.
पुढच्या हंगामात कोपीवर टाकायला.
म्हणजे पुढचा हंगामही ठरलेला :
दवाखान्याचं अजून फिटायचं आहे.
पंधराला विकतो मी पोतं.
फुकट दिलं.
सांगण्यासारखं काही नाही ह्यात,
तरी बघा, सांगतोच आहे.

संध्याकाळी पाटी काढायला स्टुलावर चढलो.
खिळा गंजलाय, पार भिंतीत गेलाय.
पक्कड शोधत होतो
तेवढ्यात कुणीतरी दोन किलो साखर मागितली.
उतरलो.