टाग्वाच्या गुंड्या

मांता बंदर, एकोणीसशे एकोणसाठ.
धक्क्यावर टूनाचा वास,
त्यातून रुमाल नाकाशी धरून येणारे दोन टोपीवाले,
एक हिशेबनीस, एक तोरुप नावाचा इंजिनियर.
मधे मी,
भाड्याने आणलेलं तोंड.

त्यांची संस्था तेव्हा तीन वर्षांची.
थोरली बँक सरकारांना कर्ज द्यायची,
धरणं, रस्ते, खाली अर्थमंत्र्याची सही.
ही धाकटी, थोरलीच्याच घरात बिऱ्हाड केलेली,
हिचं म्हणणं निराळं:
सरकारची हमी नकोच आम्हाला.
आम्हाला माणूस दाखवा.

माणूस म्हणजे देल्फिना आंचुंदिया. विधवा.
हाताखाली चोपन्न बायका.
रानातून खेचरांवर यायची टाग्वाची बियं,
हस्तिदंताहून पांढरी, हत्तीला न मारता मिळालेली.
बियांच्या चकत्या, चकत्यांना भोकं,
भोकांतून दूर कुठल्याशा शहरातल्या सदऱ्याचा दोरा.

ताळेबंद? हिशेबनिसाने विचारलं.
तिने कॉफीचे डाग पडलेली वही सरकवली.
तारण?
तिने खण ओढला आणि गुंड्यांत कोपरापर्यंत हात घातला.
सुपात दाणे घोळावेत तसा आवाज.
आणि जोखीम? ती तुमच्या बाजूने किती?
मला शब्द सुचेना. मी आपलं विचारलं,
बाई, बुडालं तर?
ती हसली. "बुडायला माझ्याकडे उरलंय काय?"

हे मी इंग्रजीत नेलंच नाही.
मी म्हणालो, "त्या शब्द देतात."

तोरुपने टोपी काढली.
हिशेबनिसाने लिहून घेतलं.

चौदा महिने कागद समुद्रावर जात-येत राहिले.
मग पेट्या आल्या, त्यांत यंत्र,
आणि यंत्र निघालं प्लास्टिकचं.
अहवालात तसं कारणासकट होतं: बियांना भविष्य नाही.
(ते वाक्यही मीच वाचून दाखवलं.)
खेचरवाले पोती घेऊन फाटकाशी बसले,
दुपारी उठले.
एकवीस बायका यंत्रापाशी राहिल्या,
बाकीच्यांना तिने स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं.

तिकडे संस्था वयात येत होती.
कंपन्यांचे भाग घ्यायची मनाई उठली,
पोलाद, सिमेंट, कागदाचा लगदा,
नकाशावर टाचण्या वाढत होत्या.
इकडे हाँगकाँगहून डझनाच्या भावात गुंड्या उतरत होत्या
आणि देल्फिना हप्ते भरत होती.
शेवटचा भरला सदुसष्टच्या ऑगस्टात,
यंत्र विकून.

शब्द माझा होता.
फेडला तिने.

आता वॉशिंग्टनात, तळघरात, पांढरे हातमोजे घालून
मी ती फाइल उघडतो.
परतफेड: पूर्ण. निष्कर्ष: यशस्वी.
खोटं म्हणता येत नाही, हीच पंचाईत.
बंदरावर पुढे मासळी डबाबंद करायचा कारखाना आला,
ह्याच संस्थेच्या पैशाने,
आणि त्या चोपन्नांतल्या कितीतरी जणी तिथे लागल्या.
शनिवारी पगार, पायात रबरी बूट.
देल्फिनाची नात तिथेच डब्यांची वजनं तपासते.
टाग्वा म्हणजे तिला
बोटीवरून उतरणाऱ्या पर्यटकांच्या गळ्यातले मणी.

आजीचं तिला काय सांगावं, मला ठरवता आलं नाही.
मी तिच्याकडे मासे कसे काय लागतायत एवढंच विचारलं.

फाइल परत घेताना मुलगी म्हणाली,
तुमचं नाव यात कुठल्या पानावर?
दुभाष्याचं लिहायची रीत नव्हती, मी सांगितलं.

बाहेर वारं होतं.
कोटाची तिसरी गुंडी त्या खणातली,
दातासारखी पिवळी पडलीय, पण शाबूत.
लावली.
काज सैल झालंय.
चार पावलांत निसटली,
पुन्हा लावली.