अर्ध्या तासाचा बाक

बुधवारी गंगावेशीच्या दवाखान्यात लस असते.
मी आधी पेटीतला थर्मामीटर बघते,
मग बाटली हलवून उजेडाला धरते.
एकदा गोठलेली लस लगेच तळाला बसते,
दिसायला शाबूत, कामातून गेलेली.

दारात हिंदुराव वस्ताद.
दोन्ही कान पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखे,
बोटाला पाच वर्षांचा नातू, इंद्रजित.

पोराच्या कार्डावर मीच लाल शाईनं लिहिलंय:
शेंगदाणा.

मार्चमध्ये रंकाळ्यावर भडंगाची एक मूठ.
ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या,
श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.
रिक्षावाल्यानं एकही सिग्नल बघितला नाही,
सीपीआरच्या पायरीवर पैसेही घेतले नाहीत.
वस्ताद तेव्हापासून एकच वाक्य घेऊन हिंडतात:
"शेंगदाणा? अवो, शेंगदाण्यावर
तीन पिढ्यांचं दंड पोसल्यात आमच्या."

आज ते लसीकडं बोट करतात.
काय आहे असं विचारत नाहीत.
"बाई, ह्या बाटलीत कोण हाय?"

मी सांगते.
डांग्या खोकल्याचे जंतू, मारलेले.
घटसर्पाचं आणि धनुर्वाताचं विष, दात काढून घेतलेलं.
"म्हंजे मेलेला पैलवान," वस्ताद म्हणतात,
"आणि त्येच्यासंगट सराव."
सरावच. खरा गडी आला की
त्याची पकड अंगाला आधीच ठाऊक हवी.
"आणि शेंगदाण्याचं ह्यात काय न्हाई?"
कणभर नाही.
मी डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतलंय. तरीही
ॲड्रेनलिन ट्रेमध्ये, हाताशी.

घरी कुणीतरी डबा आणून दिलाय,
ताकद वाढवायची पावडर, साडेआठशे रुपये,
झाकणावर ढाल घेतलेला सिंह.
चालू करू का, असं सून विचारते.
मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचते
आणि परत देते. ह्यात बदामाबरोबर
शेंगदाण्याचं पीठ आहे, ताई.

कशी सांगू त्यांना,
की पोराच्या अंगात ताकद कमी नव्हतीच.
होती तेवढी सगळी उठली
आणि जेवायला आलेल्या पाहुण्याला
उंबऱ्यावरच चीतपट करायला गेली,
घराची दारं-खिडक्या मोडून.

वस्ताद बराच वेळ गप्प.
मग नातवाच्या दंडाकडं बघत, स्वतःशीच:
"माझ्याकडं बी आलता असला एक पोरगा. बावड्याचा.
हात लावला की भिडायचा.
ताकद शिकवाय लागली न्हाई त्येला.
वळख शिकवाय लागली.
चार वर्सं गेली माझी त्यात."

सुई टोचताना इंद्रजित रडला नाही.
बोळा दाबून धरला तेव्हा रडला,
कारण बोळा गार होता.

आता बाकावर अर्धा तास.
मी दर पाच मिनिटांनी ओठ बघते, मान बघते,
छातीला कान लावते.
ताप येईल, दंड दुखेल, घाबरू नका,
हे तीनदा सांगते. सून तीनदा मान हलवते.
बाहेर दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आल्यात,
पोरगं धारेचा आवाज ऐकत बसलंय.
त्याला दूध चालतं. लिहून ठेवलंय तेही.

वस्ताद उठून बाहेर गेले.
पानपट्टीकडं गेले असतील, मला वाटलं.
खिडकीतून दिसले ते गटारीशी उभे,
सदऱ्याचा खिसा उलटा करून झाडत होते.
पन्नास वर्षांचा खिसा.
शिवणीत अडकलेली लालसर टरफलं
नखानं एकेक उकरून काढत होते.

मग दवाखान्याच्या नळाखाली
कोपरापर्यंत हात धुतले, साबण दोनदा लावून,
कुणी बघतंय का, ते न बघता.

हौद्यात उतरण्याआधी मातीला हात लावून
कपाळाला नेतात ना पैलवान,
तसाच एक ओला हात कपाळाला गेला त्यांचा.
सवयीनं गेला असेल.

तीस मिनिटं झाली.
नातवाला त्यांनी उचललं तेव्हा
हातातून अजून पाणी गळत होतं.