मोजदाद

सभागृहात लघुलेखकांचं टेबल खाली, अगदी मधोमध.
तिथून चेहरे कमी दिसतात, पाय जास्त.
खासदार ताह्वो आइकास मला पहिल्यांदा दिसले ते
राखाडी लोकरी मोज्यांत,
बूट शेजारी, टाचेला टाच लावून, सावधान.
हेलसिंकीतली हीटरची ऊब त्यांच्या पायांना सोसत नसे.
बर्फ एकदा चावला की पुढे ऊबही चावते,
असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

भाषण त्यांचं पानाच्या पार कधी गेलं नाही.
बाकीचे घसा खाकरून आधी पूर्वजांना उठवायचे,
मग सरोवरं, मग ध्वज.
हे उठायचे, म्हणायचे,
"चौदाशे कुटुंबं अजून शाळांच्या जमिनीवर झोपतात.
त्यांची जमीन कधी?"
आणि बसायचे.
माझी पेन्सिल हवेतच राहायची.

तह झाला तेव्हा त्यांचं गाव पलीकडे गेलं.
गाव कुठं जातंय म्हणा,
नकाशाच उठून गेला.
आई गाय हाकत चार दिवस चालली.
गाईचं नाव मान्सिक्की, कपाळावर पांढरा ठिपका,
गाय पोचली.
गाईबद्दल ते विचाराल तेवढं सांगायचे.

निवडणुकीच्या पोस्टरवर चित्रकारानं
त्यांच्या उजव्या हाताला पाचही बोटं काढली.
चिटणीस कानकोंडे झाले.
"राहू द्या," हे म्हणाले, "भिंतीवर तरी."
सही मात्र उरलेल्या तीन बोटांची,
शिक्षा म्हणून शंभर ओळी लिहिणाऱ्या पोरासारखी,
पुलांवर, विधवांच्या पेन्शनवर,
आणि मंत्री होते त्या अकरा महिन्यांत एकदा
बंदरावरच्या संपकऱ्यांकडे पोलीस धाडणाऱ्या कागदावर.
त्या दिवशी ते बूट घालून बसले होते.
इतिवृत्तात बुटांसाठी रकाना नसतो.

मतदानाआधी त्यांचे ओठ हलत.
वर्षभर मला वाटलं, प्रार्थना.
मग एकदा कागद उचलायला वाकले, तेव्हा ऐकू आलं:
एकशे सत्त्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव...
रांगेमागून रांग, डोकी.

ही सवय तिकडची.
स्कीवरून गस्तीला निघाले एकोणीस,
परतताना खुणेच्या बर्चपाशी थांबून
अंधारात हातानं चाचपून मोजायचं,
खांदा, खांदा, खांदा,
पुन्हा पहिल्यापासून, कारण आकडा पटत नाही.
हे त्यांनी सांगितलं नाही.
त्यांच्या तुकडीतला एक सुतार
आमच्याकडे खिडक्या बसवायला आला होता,
कॉफी पिताना बोलला, आणि पुढं
दिवसभर चुकीच्या मापाच्या चौकटी कापत राहिला.

पाचव्या खेपेला ते हरले. चारशे अकरा मतांनी.
जिंकलेला पोरगा युद्ध संपल्यावर जन्मलेला,
दात छान होते त्याचे.
शेवटच्या बैठकीला सगळे हजर होते, आजारीसुद्धा.
सभागृह रिकामं होताना मी धीर केला.
म्हटलं, "साहेब, तुम्ही नेहमी एकशे नव्व्याण्णववर थांबता.
दोनशे असतात. तुम्ही स्वतःला धरत नाही."

ते बूट चढवत होते.
नाडीचा फास तीन बोटांनी ओढायला वेळ लागतो,
तेवढा वेळ गप्प.
मग म्हणाले,
"एकदा धरलं होतं. हिशेब जुळला.
जुळला की शोधायला जायचं कारण उरत नाही, बाई."

उठले. जिना न धरता उतरले.
बाहेर ग्रॅनाइटच्या खांबांवर मार्चचं पांढरं ऊन,
आणि एक माणूस फावड्यानं पायऱ्यांवरचं बर्फ ढकलत होता.
त्याच्याशी ते बराच वेळ काहीतरी बोलत उभे राहिले,
गाईबद्दल असावं,
हात कपाळाशी नेऊन ठिपका दाखवत होते.

यातलं काहीच नोंदीत नाही.
पेन्सिली आम्ही चार वाजताच जमा केल्या होत्या.