थर्माकोलचं झाकण

पापलेटच्या पेटीचं झाकण पालथं घालून
मी कोळशाने ठिपके मारले:
लिलावाची वाळू, बर्फाचा कारखाना, टेम्पो, एसटी.
मध्ये रेघा. रेघांवर मिनिटं,
डोक्यावर पाटी असलेल्या बाईची,
रिकाम्या हातांची नव्हेत.

हर्णैत संध्याकाळी पाचला
मशिदीमागच्या पाखाडीत माणूस माणसात अडकतो,
बांगडा अडकावा तसा, कल्ल्यापाशी.
सरपंच म्हणाले, रुंद करू.
मी म्हटलं, बंद करा.

सगळे हसले.
हाजराबी म्हणाली, पोरगी दापोलीला शिकून बिघडली.
पण गणित एवढंच सांगत होतं:
जवळची वाट प्रत्येकाला जवळची,
म्हणून कुणालाच जवळची राहत नाही.

फाटकं जाळं आडवं बांधलं.
दोन दिवस शिव्या खाल्ल्या.
तिसऱ्या दिवशी हाजराबीची पाटी टेम्पोत चढली
तेव्हा बर्फाला अजून कोपरे होते.
ती काही बोलली नाही,
चार बोंबील टाकले माझ्या पिशवीत.

पाखाडीच्या मधोमध इदरीसची चहाची टपरी.
जाळ्यापलीकडे तो एकटाच,
स्टोव्ह विझवून, कपबशा पालथ्या.

घरी येऊन झाकण पुन्हा पाहिलं.
तो ठिपका
मी काढलाच नव्हता.