बैठक

गाडी मी बाहेरून कधी ओळखली नाही.
लोक जाळी बघतात, वरचं चिन्ह बघतात,
मी दार उघडून आधी नाक आत घालतो.

जळगावात अजिंठा चौफुलीला दुकान, आठ बाय बारा.
पाटी अजून बापाच्या नावाची : सुपडू पिंजारी, गाद्या-उशा.
खाली वेगळ्या रंगात, मी लिहिलेलं : कार कुशन.

पहिली आली तेव्हा मी सुईत दोरा ओवून द्यायचो.
सावद्याच्या डिगंबरशेठ झांबऱ्यांनी
केळीच्या वॅगनी दिल्लीला लावून लावून
मुंबईच्या कुण्या गिरणीवाल्याकडून जुनीच घेतलेली.
काळी, चौकोनी, काचा हाताने फिरवायच्या,
दार लावलं की तिजोरीचा आवाज.
बापाने मागची सीट उसवली
आणि उकिडवा बसून हसायला लागला.
आत स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस.
"बघ इसाक, गोऱ्या सायबाच्या बुडाखाली बी
पिंजाऱ्याचंच काम."
दोन दिवस बोटांनी पिंजत राहिला.
ड्रायव्हर दगडू कोळी बाजूला बिडी ओढत :
"गाडी नही शे भाऊ, घर शे."

दुसरीत काथ्या गेला, फोम आला.
दारावर सीटच्याच आकाराचं इवलंसं बटण,
पुढे ढकललं की सीट पुढे, वाकवलं की पाठ मागे.
बाप तासभर त्याच्याशी खेळला.
बॅटरी उतरली,
दगडूने केळीच्या ट्रकवरून तार ओढली.

तिसरी म्हणजे म्हैस.
काचांना काचा, दुहेरी,
आत बसलं की भुसावळ रोडचे ट्रक मुके.
गॅरेजात मावेना म्हणून हेमकांतशेठनी भिंत दीड फूट फोडली.
दार अर्धवट लावलं तर उरलेलं आपणच ओढून घ्यायची,
म्हातारा झोपेत पांघरूण ओढतो तसं.

चौथी वाळली.
हवेवर उभी राहायची,
आणि मे महिन्यात रात्रीतून फुगे फाटून
सकाळी पोर्चमध्ये उंटासारखी बसलेली.
चामडं मात्र काय! बाळाच्या कानामागचं.
तसं पुन्हा हाताला लागलं नाही.

पाचवी माझ्याकडे आलीच नाही. नाशिकला गेली, कंपनीत.

आता ही. नातवाने आणली, मिहिरने.
इंजिन नाही, आवाज नाही,
या दारापासून त्या दारापर्यंत नुसता पडदा.
सीट पाठ रगडून देते, वास सोडते,
शिवणीशिवणीतून निळा उजेड.
"काका, फक्त बघा. उसवू नका, आत सेन्सर आहेत."
मी हात मागे बांधून बघितली,
प्रदर्शनातली बघावी तशी.
"हिला सगळं लक्षात राहतं," तो म्हणाला,
"एक दाबलं की माझी बैठक, दोनवर आईची.
तीन रिकामं आहे."

डिगंबरशेठ गेले त्या साली पहिली परत आली होती,
सगळं नवं करा म्हणून.
बाप तोवर नव्हता. मी एकट्याने मागची डावी सीट उसवली.
काथ्यात खळगा,
डावीकडे उथळ, उजवीकडे खोल.
वॅगनीवरून पडून डावा खुबा मोडलेला त्यांचा,
जन्मभर उजव्या अंगावर बसले.
कुणी बटण दाबलं नव्हतं.
सगळं पिंजलं, तेवढा तळव्याएवढा तुकडा
तसाच दबलेला राहू दिला,
वरून नवा थर घातला.
बिलात लिहिलं नाही.

मिहिर निघता निघता थांबला.
"आजोबांची जुनी अजून आहे बरं का.
लग्नसराईत काढतो एखाद्या वेळी.
पण मागे बसलं की मी उजवीकडेच कलतो,
स्प्रिंग गेली असेल. बघता का?"

बघतो, म्हटलं.
आत्ता नको, ऊन फार आहे.
दिवाळीनंतर आणा.